चारही नट ५० वरच आवळले होते

कॉम्प्रेसरच्या हेडवर बसणारा डिलिव्हरीचा एल्बो, म्हणजे दाबलेली हवा बाहेर नेणारा वळणाचा नळ. चार स्टड (हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे), चार नट, मध्ये पॅकिंग. काम फार तर अर्ध्या तासाचं. तेच काम तिसऱ्यांदा उघडायची वेळ आली तेव्हा मी स्वतः पाना हातात घेतला. तोवर ज्याने त्याने आपलं काम नीट केलेलं होतं, आणि हवा मात्र फुसफुसतच होती.

कामाच्या कागदावर चार ओळी होत्या: नट १, ५०. नट २, ५०. नट ३, ५०. नट ४, ५०. आकडे टॉर्कचे, म्हणजे नट पिळायच्या जोराचे, न्यूटन-मीटरमध्ये. ज्या मुलाने नट आवळले तो हाताने नेटका आहे, कागदावर खोटं लिहिणारा तर मुळीच नाही. टॉर्क रेंच म्हणजे लावून ठेवलेला टॉर्क आला की टक् करणारा पाना. त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली नव्हती. चारही नटांवर टक् आवाज येईपर्यंत रेंच ओढलेला होता. तरीही त्यातला एक नट प्रत्यक्षात ६० च्या आसपास गेला होता आणि त्याचा स्टड ताणून कायमचा लांब झाला होता. हे कसं झालं, आणि दोनदा तपासूनही कुणाच्या नजरेत का आलं नाही, ते इथे सविस्तर मांडतो.

जागा कशी होती

एल्बोचा फ्लँज, म्हणजे नटांनी हेडवर दाबली जाणारी त्याची सपाट कड, चौकोनी. पुढचे दोन नट, १ आणि २, मोकळे आहेत. तिथे सॉकेट सरळ बसतो. फक्त नट खोलात असल्यामुळे मध्ये दीडशे मिलिमीटरचा एक्स्टेन्शन बार घालावा लागतो. मागचे दोन, ३ आणि ४, एल्बोच्या वळणाखाली दडलेले आहेत. वरून सॉकेट जायला जागाच नाही, म्हणून तिथे क्रोफूट वापरतात.

ज्यांनी क्रोफूट हाताळला नसेल त्यांच्यासाठी: फिक्स पान्याची दांडी कापून नुसतं तोंड ठेवलं आणि दांडीच्या जागी चौकोनी भोक पाडलं, की झाला क्रोफूट. त्या भोकात टॉर्क रेंचचा चौकोन बसवायचा. पान्याचं तोंड रेंचच्या टोकापासून थोडं पुढे सरकतं आणि अडचणीच्या जागी शिरतं. आमच्याकडचा क्रोफूट लांब मानेचा होता. चौकोनी भोकाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत ६० मिलिमीटर. रेंचची लांबी, म्हणजे चौकोनाच्या मध्यापासून मुठीवरच्या खुणेपर्यंतचं अंतर, ३०० मिलिमीटर. हे दोन आकडे पुढे सारखे लागणार आहेत.

नट ४ कडे रेंच बाजूने येत होता, त्यामुळे क्रोफूट दांडीला काटकोनात लावावा लागला. नट ३ कडे समोरून, पाइप आणि हेड यांच्यामधल्या फटीतून यावं लागत होतं. तिथे क्रोफूट दांडीच्याच रेषेत, सरळ पुढे. नट ३ हा नट १ च्या बरोबर तिरक्या कोपऱ्यात आहे, हेही ध्यानात ठेवावं.

हवा एका कोपऱ्यात, दोष दुसऱ्या

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा साबणाचं पाणी फिरवलं. बुडबुडे नट १ च्या कोपऱ्यात. कुणीही म्हणेल तेच आम्ही म्हटलं: १ सैल राहिला. रेंच ५० वर लावून १ वर ओढला, लगेच टक्. मग बाकीचे तिन्ही पाहिले, तिथेही लगेच टक्. चारही बरोबर, असा शेरा मारून पॅकिंगवर ठपका ठेवला गेला. पॅकिंग बदललं. दोन दिवसांनी पुन्हा त्याच कोपऱ्यातून हवा.

त्या फेरतपासणीतून काहीच सिद्ध होत नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. क्लिकचा रेंच फक्त एवढंच सांगतो की इथे निदान इतका टॉर्क सोसला जातोय. त्याहून किती जास्त आहे ते तो कधीच सांगत नाही. नट ८० वर आवळलेला असला तरी ५० वर लावलेला रेंच त्यावर लगेच टक् करणार. नट जागचा हलणारसुद्धा नाही. थोड्याशा सैल नटाचंही तेच. थांबलेला नट पुन्हा हलवायला, तो फिरता ठेवायला लागतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे पाच-सात न्यूटन-मीटरने कमी आवळलेला नटही न हलता पास होऊन जातो. टक् ऐकलं, खूण केली, पुढे गेलो. निम्म्या दुकानांत फेरतपासणी अशीच होते, आणि मी स्वतः कितीतरी वर्षं ती अशीच केली आहे.

तिसऱ्या वेळी मी एकेक नट सैल करून नंतर बोटाने फिरवून काढला. १, २ आणि ४ सरसर निघाले. ३ पहिले दोन आटे मोकळा फिरला आणि मग जागच्या जागी अडला. त्यावर कसलाही ताण नव्हता, फ्लँज सुटा होता, तरी उरलेले आटे पान्यानेच काढावे लागले. आट्यात घाण असेल म्हणून ब्रश मारला. फरक शून्य.

मग तो स्टड हेडमधून काढला आणि नट २ च्या स्टडशेजारी असा धरला की दोघांचे आटे एकमेकांत बसावेत. उजेडाकडे धरून पाहिलं. सुरुवातीचे आटे एकमेकांत चपखल, आणि पुढे सरकत जाल तसतशी फट दिसायला लागली. एका स्टडची चढती धार दुसऱ्याच्या खाचेत न बसता तिच्या उतारावर चढली होती. व्हर्नियर लावला तर स्टड ०.४ मिलिमीटरने लांब. स्टड एम१०, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या आट्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट जितका सरकतो ते अंतर, १.५ मिलिमीटर असतो, ०.४ म्हणजे नट पाव फेऱ्याहून थोडा जास्त फिरला आणि ते सगळं स्टडच्या ताणण्यात गेलं.

पॅकिंगनेही तीच गोष्ट सांगितली. ३ च्या कोपऱ्यात ते दाबून चपटं, कागदासारखं झालेलं. १ च्या कोपऱ्यात फ्लँजचा ठसासुद्धा धड उमटलेला नव्हता. फ्लँज ३ कडे खाली बसला होता आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात किंचित उचलला गेला होता. हवा १ मधून येत होती, पण १ ची काही चूक नव्हती.

मी मुलाला विचारलं, ३ आवळताना काही वेगळं जाणवलं का.

"दादा, त्याचं क्लिक जरा उशिरा झालं. बाकीचे घट्ट-घट्ट होत गेले. हा मधेच मऊ लागला. मला वाटलं, पॅकिंग बसतंय."

"आणखी काही?"

"नट बोटाने चढेना, तिथे हात नीट जात नाही ना. म्हणून थेंबभर तेल सोडलं."

एवढ्या बोलण्यात सगळं आलं होतं. मऊ लागणं म्हणजे पोलाद हार मानतंय. आवळताना टॉर्क चढत राहायला हवा. तो चढायचा थांबला आणि नट मात्र फिरतोय, तर आत काहीतरी कायमचं लांबतंय.

रेंचला काय कळतं आणि काय नाही

टॉर्क म्हणजे जोर गुणिले लंब अंतर. आमचा रेंच ५० वर लावला की ३०० मिलिमीटरवरच्या मुठीला साधारण १६७ न्यूटनचा जोर लागतो, म्हणजे सतरा किलोचं वजन टांगल्याइतका. ०.३ मीटर गुणिले १६७, झाले ५०. रेंचच्या आत डोक्याजवळ एक सांधा असतो, तो स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. मुठीवरून येणारा पीळ स्प्रिंगला जड झाला की सांधा घसरतो आणि टक् होतं. त्या सांध्याला फक्त मुठीकडून आलेला पीळ कळतो. डोक्याच्या पुढे सॉकेट आहे की हातभर लांबीचा क्रोफूट, याचा त्याला पत्ता नसतो.

नट ३ वर क्रोफूट सरळ पुढे होता. मुठीपासून नटापर्यंतचं अंतर झालं ३६०. मुलाने तेवढाच, १६७ न्यूटनचा जोर लावला, त्याच जोरावर टक् झालं. पण नटाच्या बाजूने पाहिलं तर तो जोर ०.३६ मीटरवर काम करत होता. १६७ गुणिले ०.३६, म्हणजे ६०. कागदावर ५०, रेंचच्या डोक्यात ५०, नटावर ६०. तिन्ही खरे.

उलट हिशोबाचं सूत्र यातूनच निघतं. रेंचची लांबी ल धरा, क्रोफूटची वाढ व धरा:

सेटिंग = हवा असलेला टॉर्क × ल ÷ (ल + व)

आमच्यासाठी ५० × ३०० ÷ ३६०, म्हणजे ४१.७. रेंच इथे लावायला हवा होता. व मोजताना क्रोफूटची पूर्ण लांबी घेऊ नये. चौकोनाचा मध्य ते नटाचा मध्य, तेवढंच.

आता नट १ आणि २. तिथेही एक्स्टेन्शन होतंच की, दीडशे मिलिमीटरचा बार. मग तिथे सेटिंग का बदलायचं नाही? दोन्हींना आपण एक्स्टेन्शन म्हणतो, आणि घोटाळ्याचं निम्मं मूळ या एका शब्दात आहे. बार नटाच्या अक्षावर उभा असतो. मूठ नटाच्या अक्षापासून आधीही ३०० वर होती आणि बार घातल्यावरही ३०० वरच आहे, फक्त वर उचलली गेली. बार लांब आणि बारीक असेल तर पिळला जातो, हाताला स्प्रिंगसारखा लागतो, तेवढ्याने काही लोक म्हणतात की टॉर्क बारने खाल्ला. खात नाही. सावकाश ओढताना बारच्या वरच्या टोकाला जितका पीळ, तितकाच खालच्या टोकाला. नाहीतर बार स्वतःच गरगर फिरायला लागेल. ठोके देत नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनची गोष्ट वेगळी: तिथे ठोके असतात आणि लांब बारीक बार ते ठोके गिळतो. हाताच्या रेंचला ते लागू नाही. बार तिरपा होऊ नये म्हणून डोक्यावर दुसरा हात ठेवावा, एवढी काळजी पुरे.

काटकोनाची गंमत

नट ४ वर तोच क्रोफूट, तेच ५० चं सेटिंग, आणि स्टड ठणठणीत. हे पटायला जरा वेळ लागतो. क्रोफूट काटकोनात लावला तेव्हा नट रेंचच्या टोकापासून ६० मिलिमीटर दूर गेला, हे खरं. पण तो गेला हाताच्या ओढीच्याच दिशेला. ओढीची रेषा मुठीतून काढा, नटापासून तिच्यावर लंब टाका: अंतर ३०० च. पुढे सरकला असता तर वाढलं असतं. बाजूला सरकला, म्हणून नाही वाढलं. सेटिंग ५० ठेवून नटावर ५० च पडले.

इथे शिकलेली माणसंही एक चूक करतात. ३०० आणि ६० च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतात, तो ३०६ च्या जवळ येतो, आणि दोन टक्क्यांची दुरुस्ती लावतात. कर्ण हे मुठीपासून नटापर्यंतचं सरळ अंतर झालं. टॉर्कला लागतं ते ओढीच्या रेषेपासूनचं लंब अंतर. ओढ दांडीला काटकोनात असेल तर दुरुस्ती शून्य, दोन टक्के नव्हे.

मधल्या कोनांना वाढीतला जितका भाग दांडीच्या रेषेत पडतो तेवढाच मोजायचा. ४५ अंशांवर ६० पैकी ४२ मिलिमीटर पुढे पडतात, म्हणजे ५० च्या सेटिंगला नटावर सुमारे ५७. आणि क्रोफूट उलटा, मुठीकडे वळवून लावला तर वाढ वजा होते: ३०० मधून ६० गेले, २४० उरले, नटावर फक्त ४०. अडचणीच्या जागी असा उलटा क्रोफूट लावणारे मी पाहिले आहेत. तिथे नट सैल राहतो, आणि तो सैल आहे हे मशीन चालू होईपर्यंत कळत नाही.

काटकोनाला एक अट आहे, ती बहुधा कुणी सांगत नाही. क्रोफूट नसताना तुम्ही दांडी थोडी तिरकी ओढलीत तरी बिघडत नाही. दांडीच्या लांबीच्या दिशेने जाणारा जोर चौकोनाच्या मध्यातूनच जातो, त्याचा पीळ होत नाही. काटकोनी क्रोफूटला मात्र त्याच जोराला ६० मिलिमीटरचा हात मिळतो. पंधरा अंश तिरकं ओढलंत तर नटावरचा टॉर्क पाच टक्क्यांनी वर किंवा खाली जातो, कुठल्या बाजूला तिरकं ओढलं त्यावर. चांगल्या क्लिक रेंचला आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० न्यूटन-मीटरच्या वर चार टक्क्यांची सूट असते. म्हणजे नुसत्या तिरक्या ओढण्यात ती सगळी सूट संपली.

६० ने एम१० चा स्टड ताणतो का?

प्रकरण इथे मला खरं रंगलं, कारण उत्तर आहे: एकट्या ६० ने ताणायला नको होता.

नट आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ओढायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून टॉर्कवरून ताण काढताना एक घर्षणाचा आकडा धरतात: कोरड्या आट्यांना ०.२, तेल लावलेल्यांना साधारण ०.१५. ताण म्हणजे टॉर्क भागिले हा आकडा, भागिले स्टडचा व्यास. हे ढोबळ आकडे आहेत. पण ढोबळ आकड्यांनीही चित्र स्पष्ट दिसतं.

कोरडा स्टड, ५० न्यूटन-मीटर: २५ किलोन्यूटन. एम१० चं ताण घेणारं क्षेत्र ५८ चौरस मिलिमीटर आणि स्टडच्या ८.८ ग्रेडच्या पोलादाचा प्रूफ ताण ५८० मेगापास्कल, म्हणजे स्टड ३३.६ किलोन्यूटनपर्यंत कायमचा न लांबता परत येतो. ३७ च्या आसपास तो हार मानतो. ५० चा आकडा कागदावर आला तो याच हिशोबाने: प्रूफच्या तीन-चतुर्थांश, वर पुरेशी जागा.

आता क्रोफूटची चूक एकटी घ्या. कोरड्यावर ६०: ३० किलोन्यूटन. जास्त आहे, पण स्टड शाबूत. तेलाची चूक एकटी घ्या. तेलावर ५०: ३३.३. अगदी कडेला, पण बहुतेक शाबूत. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा ४०. वर आवळताना स्टडला पीळही बसत असतो, त्यामुळे तो नुसत्या ओढीला जितका टिकला असता त्याच्या थोडा आधीच ढिला पडतो. मुलाला मऊ लागलं ते इथे.

तेल नट ३ वरच का पडलं? कारण तिथे हात जात नव्हता. क्रोफूट नट ३ वर सरळ का लागला? कारण तिथे जागा नव्हती. दोन्ही चुका एकाच अडचणीच्या पोटी आलेल्या. दोन चुका योगायोगाने भेटल्या असं मला वाटत नाही. जिथे पोहोचायला कठीण तिथे दोन्ही जाणारच होत्या.

बाकावर पडताळा

हिशोब दाखवल्यावर मुलाने मान हलवली, पण काटकोनाचं त्याला पटलेलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. रेंच तपासायला बाकावर डिजिटल टॉर्क टेस्टर बसवलेला आहे. त्याच्या चौकोनी खाचेत षट्कोनी तुकडा बसवला, म्हणजे क्रोफूटला धरायला नटासारखं डोकं मिळालं. रेंच ४० वर लावला.

आधी नुसता सॉकेट: टेस्टरवर ४० च्या आसपास. मग क्रोफूट सरळ: ४८ च्या जवळ. मग काटकोनात: पुन्हा ४०. मग उलटा: ३२ च्या आसपास. हिशोब आणि टेस्टर यांत एका न्यूटन-मीटरहून जास्त फरक कुठेच पडला नाही. काटकोनाचं वाचन त्याने तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा मी त्याला मुद्दाम तिरकं ओढायला लावलं आणि आकडा लगेच हलला.

टॉर्क रेंचचा जन्मसुद्धा फ्लँजच्या बोल्टांवरूनच झाल्याचं सांगतात. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार याने १९१८ मध्ये तो तयार केला, पाण्याच्या आणि वाफेच्या नळांच्या फ्लँजवरचे बोल्ट लोक वाजवीपेक्षा जास्त आवळत म्हणून. म्हणजे आमचा एल्बो काही नवा रोग घेऊन आलेला नव्हता.

काय बदललं

चारही स्टड नवे घातले. ताणलेला एकच होता, पण बाकी तिघांनी दोन आठवडे वाकडा फ्लँज सांभाळला होता, त्यांच्यावर भरवसा ठेवायची मला गरज वाटली नाही. फ्लँज सरळ आहे का ते पट्टी लावून पाहिलं, सरळ होता. नवीन पॅकिंग. आटे धुऊन कोरडे केले. नट ३ बोटाने चढावा म्हणून तो एल्बो जागी ठेवायच्या आधीच दोन आटे चढवून ठेवला आणि एल्बो त्याच्या खालून सरकवला. फ्लँजला त्या बाजूला खाच आहे, म्हणून हे जमलं. तेलाची गरजच उरली नाही.

आवळताना तिरका क्रम घेतला, १ मग ३, २ मग ४, आणि तीन फेऱ्या: २५, ४०, ५०. पहिली फेरी आधी २० वर करणार होतो. पण नट ३ साठी २० चे होतात १६.७, आणि आमचा रेंच २० ते १०० चा. तळाच्या खाली त्याचं क्लिक भरवशाचं नाही. म्हणून २५ पासून सुरुवात. नट ३ साठी तिन्ही फेऱ्यांचे आकडे आले २०.८, ३३.३ आणि ४१.७, रेंचवर लावले २१, ३३.५ आणि ४१.५. शेवटच्यात नटावर ४९.८ पडतात, ते चालतं.

क्रोफूट ३ वरही काटकोनात लावता आला तर हिशोबच नको, असा विचार आला होता. लावून पाहिला. पाइप आड येत होता, रेंचला दहा अंशांचासुद्धा झोका मिळेना, आणि मिळत होता तोही तिरका. त्यापेक्षा सरळ क्रोफूट आणि बदललेलं सेटिंग बरं.

कागदाचा नमुना बदलला. आधी एकच रकाना होता, टॉर्क. आता दोन: नटावर हवा तो, आणि रेंचवर लावला तो. नट ३ च्या ओळीत ५० आणि ४१.५ असे दोन आकडे शेजारी दिसतात, आणि वाचणारा थबकतो. क्रोफूटवर ६० हा आकडा कोरून घेतला. रेंचच्या मुठीवर ३०० ची खूण आधीपासूनच होती. हात तिथेच धरायचा, हे नव्याने सांगावं लागलं. एरवी हात दोन बोटं पुढे-मागे झाला तर क्लिकच्या रेंचला फारसं कळत नाही. क्रोफूट पुढे असला की कळतं, कारण सूत्रातला ल म्हणजे तुमचा हात आहे. तीस मिलिमीटर आत धरलंत तर ५० चे जवळजवळ ५१ होतात, तीस बाहेर धरलंत तर ४९. थोडंच, पण ४१.५ चा हिशोब करून मग मूठ कुठेही धरायची याला काही अर्थ नाही.

काम झाल्यावर मशीन गरम होईपर्यंत चालवलं, थंड होऊ दिलं, साबणाचं पाणी फिरवलं. चारही कोपरे कोरडे. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही.

पाइपचा प्रश्न

त्या दिवशी आवरताना मुलाने विचारलं, "दादा, मग मुठीला मागे पाइप घातला तर? तो पण एक्स्टेन्शनच. मग अजून जास्त आवळणार?"

मी म्हटलं, आधी सांग, तुला काय वाटतं. त्याने ५० चे शंभर सांगितले. पाइप दुप्पट लांब, म्हणून दुप्पट.

टेस्टरवर नुसता सॉकेट लावला, रेंच ४१.५ वर, आणि मुठीवर पाइप चढवून हात ६०० वर धरला. टक्. वाचन ४१ आणि ४२ च्या मध्ये, जवळजवळ जसंच्या तसं. फक्त जोर निम्मा लागला. रेंचच्या सांध्यालाही तोच लांब हात मिळतो, म्हणून तो ठरल्या टॉर्कलाच घसरतो. मग त्याच पाइपसह क्रोफूट सरळ लावला. मुलाला वाटलं आता तरी आकडा उडी मारणार. ल आता ३०० चा ६०० झालेला, ६६० भागिले ६००, म्हणजे दुरुस्ती वीस टक्क्यांऐवजी दहाच टक्के. टेस्टरवर ४६ सुद्धा भरले नाहीत. ४१.५ हा आकडा ३०० च्या हातासाठी काढलेला. पाइप लावला तर ५० मिळायच्या ऐवजी नट सैलच राहिला असता.

त्याने पाइप काढून जागेवर ठेवला, आणि नट ३ च्या ओळीत ४१.५ च्या शेजारी पेन्सिलने लिहिलं: हात ३०० वर.